क्रोमची चाकं दोन धुण्यांच्या मधल्या दिवसांत कशी सांभाळायची

प्रश्न वाचला. क्रोमची व्हील्स बसवलीत, गाडी दोन-तीन आठवड्यांनी नीट धुता, पण मधल्या दिवसांत पुढच्या चाकांवर तपकिरी धूळ चढते, ती कोरड्या फडक्याने पुसता, आता बारीक रेषा दिसायला लागल्यात आणि नटांच्या भोकांजवळ तांबूस ठिपके आलेत. त्यावर कुणी सांगतंय फॉइलने घासा, कुणी सांगतंय टॉयलेट क्लीनर मारा, कुणी सांगतंय सिरॅमिक कोटिंग करून टाका मग बघायलाच नको. माझं कामच डिटेलिंगचं, म्हणजे गाड्या बारकाईने साफ आणि पॉलिश करायचं आहे आणि क्रोमची चाकं बरीच हाताखालून गेलीत, त्यामुळे जरा लांबलचक लिहितो, वेळ काढून वाचा.

सगळ्यात आधी एक गोष्ट सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावरच आहे. क्रोम धुताना फारसं खराब होत नाही, ते खराब होतं मधल्या दिवसांत, आणि तेही दोनच प्रकारे. एकतर ओलसर धूळ त्याच्यावर दिवसेंदिवस बसून राहते, नाहीतर ती काढायला माणूस काहीतरी जालीम वापरतो. मी बघितलेल्या खराब चाकांमधे दुसऱ्या प्रकारची पहिल्यापेक्षा कमी नाहीत. म्हणून थोडं थोडं पण वेळेवर, आणि शक्य तितकं सौम्य, एवढंच करायचं असतं.

हे असं का ते समजून घ्या. आपल्याला वाटतं क्रोम म्हणजे चांगला जाडजूड चकचकीत थर असेल. तसं नाहीये. चाकाच्या मूळ धातूवर, म्हणजे बहुतेक वेळा ॲल्युमिनियम अलॉयवर, आधी सहसा तांब्याचा थर असतो, त्याच्यावर निकेलचे थर, आणि सगळ्यात वर क्रोमियमचा एकदम पातळ पापुद्रा, साधारण ०.२५ ते ०.५ मायक्रॉनचा. माणसाचा केस धरा ७० मायक्रॉनच्या आसपास, त्यावरून अंदाज येईल. आपल्याला दिसणारी चमक आणि गंजापासूनचं खरं संरक्षण बरंचसं खालच्या निकेलचं असतं, तो थर २०-३० मायक्रॉन किंवा जास्तही असतो. वरचं क्रोमियम कठीण असतं, ओरखडे झेलतं आणि निकेलला पिवळट पडू देत नाही. पण त्या क्रोमियममधे डोळ्यांना न दिसणारी बारीक छिद्रं आणि भेगा असतातच, चांगल्या प्लेटिंगमधेही असतात. त्या छिद्रांतून मीठ मिसळलेलं पाणी आत उतरलं की निकेल हळूहळू खायला सुरुवात होते, आणि एकदा ते पार खाली ॲल्युमिनियमपर्यंत पोचलं की खालून पांढरी भुकटी तयार होते, ती वरचा थर उचलते आणि मग फोड येतात, पापुद्रे सुटतात. तिथून पुढे कुठल्याही बाटलीत इलाज नाही.

अजून एक, प्लेटिंग विजेच्या प्रवाहाने होतं, आणि प्रवाह उंचवट्यांवर जास्त आणि खोलगट जागी कमी पोचतो. त्यामुळे नटांची भोकं, आऱ्यांचे आतले कोपरे, चाकाची मागची बाजू इथे थर मुळातच पातळ बसतो. तुमचे ठिपके नेमके नटांच्या भोकांजवळ आलेत यात नवल काहीच नाही, पातळ थर तिथेच, पाणी साचतं तिथेच आणि फडकं पोचत नाही ते पण तिथेच.

आता तुमच्या तांबूस ठिपक्यांबद्दल. घाबरू नका, कारण ॲल्युमिनियमला तांबडा गंज येतच नाही, तो गंजला तर पांढरा गंजतो. म्हणजे तुमची चाकं अलॉयची असतील तर हे तांबडं बाहेरून आलंय. एकतर ब्रेक डस्टमधले, म्हणजे ब्रेक झिजून उडणाऱ्या धुळीतले, लोखंडाचे कण तिथे चिकटून गंजलेत, नाहीतर नट गंजायला लागलेत आणि त्यांचं पाणी ओघळलंय. दोन्ही निघू शकतं. पण चाकं स्टीलवर क्रोम केलेली असतील तर मात्र तो गंज आतला असू शकतो. लोहचुंबक लावून बघा, स्टीलला घट्ट चिकटेल, अलॉयवर निकेलमुळे फार तर हलकीशी ओढ जाणवेल.

आणि चाक खरंच क्रोमचं आहे का हे पण नक्की करा, हा टप्पा लोक हमखास सोडतात. चमकणाऱ्या प्रत्येक चाकाला लोक क्रोम म्हणतात पण त्यात चार वेगवेगळ्या गोष्टी येतात. खरं प्लेटिंग एक. दुसरं पीव्हीडी, म्हणजे पावडर कोटवर व्हॅक्यूममधे बसवलेला धातूचा अतिपातळ थर आणि त्याच्यावर क्लिअर कोट, म्हणजे पारदर्शक लॅकरचा थर, याला गाडीच्या पेंटसारखंच वागवायचं, घासायचं नाही. तिसरं नुसतं पॉलिश केलेलं ॲल्युमिनियम. आणि चौथं म्हणजे अलॉयवर चिकटवलेलं प्लास्टिकचं क्रोम केलेलं आवरण, यावर नखाने टकटक केलं की आवाज लगेच वेगळा येतो. उघडं ॲल्युमिनियम ओळखायला मागच्या बाजूला, न दिसणाऱ्या जागी, फडक्यावर थेंबभर मेटल पॉलिश घेऊन हलकं चोळा, फडकं काळं झालं तर ते ॲल्युमिनियम. खऱ्या क्रोमवर किंवा क्लिअर कोटवर तसं काळं येत नाही. प्लेटिंग आणि पीव्हीडी यात गोंधळ असेल तर व्हील बनवणाऱ्याची माहिती बघा, आणि तरीही कळलं नाही तर क्लिअर कोट आहे असं धरून चाला, म्हणजे नुकसान होणार नाही. सेंटर कॅप बहुतेक वेळा प्लास्टिकची असते, चाक काहीही असो, त्यामुळे तिच्यावर कडक सॉल्व्हंट नको.

ब्रेक डस्ट म्हणजे नुसती धूळ नव्हे. त्यात डिस्कचं झिजलेलं लोखंड, पॅडमधलं लोखंड, कार्बन, रेझिन असं सगळं असतं, आणि ते गरम असताना उडून चाकावर बसतं म्हणून इतकं घट्ट चिकटतं. पुढच्या चाकांवर जास्त, कारण ब्रेक लावल्यावर वजन पुढे येतं आणि पुढचेच ब्रेक जास्त काम करतात. कोरडी असेपर्यंत ही धूळ तशी निरुपद्रवी असते, पण दव पडलं, पाऊस झाला, रस्त्यावरचं पाणी उडालं की लोखंड गंजायला लागतं आणि धूळ ओलावा धरून ठेवते. त्यात समुद्राची खारी हवा किंवा बर्फ वितळवायला रस्त्यावर टाकलेलं मीठ आलं की क्लोराइड आलं, आणि क्रोम-निकेलचा मुख्य शत्रू तोच आहे.

त्याच धुळीत पॅडमधून आलेले ॲल्युमिनासारखे कठीण कण पण असतात, घर्षण वाढवायला ते पॅडमधे मुद्दाम घातलेले असतात, शिवाय रस्त्याची वाळू. क्रोम कठीण असलं तरी हे कण कोरड्या फडक्याखाली दाबून फिरवले की रेषा येणारच, आणि वर क्लिअर कोट असेल तर मग विचारूच नका. तुमच्या बारीक रेषा तिथूनच आल्यात. तर कोरडं पुसणं आजपासून बंद. कितीही मऊ मायक्रोफायबर असलं तरी बंद. आणि कॉम्प्रेसरची हवा मारून कोरडी धूळ उडवणंही नको, ती नाकातोंडात जाते, जुन्या गाड्यांच्या पॅडमधे तर ॲस्बेस्टॉसही असू शकतं. आधी ओलं करा, मग हात लावा.

मधल्या दिवसांत मी स्वतः काय करतो ते सांगतो. वेळ निवडायची ती चाकं पूर्ण थंड असतानाची, सकाळी गाडी बाहेर काढायच्या आधी सगळ्यात बरं. गरम चाकावर काहीही मारलं की ते जागच्या जागी वाळतं आणि डाग सोडतं, शिवाय तापलेल्या डिस्कवर एकदम गार पाणी पडणं डिस्कलाही चांगलं नाही. हाताची पाठ लावून बघायची, कोमट लागलं तरी थांबायचं.

मग साधं पाणी. पाइप असेल तर पाइप, नसेल तर हाताने पंप करायचा स्प्रेअर, त्यात लिटर-दोन लिटर पाणी चारही चाकांना पुरतं. नुसत्या पाण्यानेच बरीच सैल धूळ वाहून जाते आणि जेवढी वाहून जाईल तेवढी फडक्याखाली येत नाही. त्यानंतर रिन्सलेस वॉशचं पाणी. हे गाडी न विसळता धुवायला मिळतं ते लिक्विड, त्यातल्या बऱ्याच प्रॉडक्टचं प्रमाण १:२५६ च्या आसपास असतं, म्हणजे एका लिटरला सुमारे ४ मिली, पण बाटलीवर असेल तेच घ्या. ते शिंपडून दोनेक मिनिटं भिजू द्यायचं, वाळू मात्र द्यायचं नाही. हे नसेल तर कार शाम्पूचं पातळ पाणी चालतं, फक्त ते नंतर साध्या पाण्याने धुवून काढावं लागतं.

मग त्याच पाण्यात भिजवलेलं मायक्रोफायबर घेऊन अजिबात जोर न देता, वरून खाली, एका दिशेने. गोल गोल नाही. फडक्याची चार घडी घालायची आणि दोन-तीन हात फिरले की घडी बदलायची, काळी झालेली बाजू परत चाकाला लावायची नाही. मागची चाकं आधी, पुढची नंतर, कारण जास्त घाण पुढे आहे. नटांच्या खोबण्यांसाठी मऊ केसांचा छोटा ब्रश ठेवा, डिटेलिंगचे मिळतात ते, त्याला धातूची पट्टी उघडी नको कारण तीच ओरखडा काढते. चाकांची फडकी वेगळी, बॉडीची वेगळी, आणि एकदा चाकाला लागलेलं फडकं परत पेंटला लावू नका, लोखंडाचे कण धुवूनही त्यात राहतात. धुताना फॅब्रिक सॉफ्टनर नको, त्याचा थर फडक्यावर बसतो आणि मग ते पाणी ओढत नाही.

आणि आता वाळवणं. माझ्या मते अर्धं काम हेच आहे आणि लोक इथेच आटपतं घेतात. पाणी तसंच वाळलं की त्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम चाकावर राहतं आणि पांढरे ठिपके येतात, आणि खोबणीत राहिलेलं पाणी तर दिवसभर तिथेच असतं. कोरडं जाडसर फडकं ठेवून टिपून घ्या, घासू नका. नटांच्या भोकांतलं पाणी छोट्या ब्लोअरने काढता आलं तर उत्तम, इथे हवा चालते कारण आता धूळ निघालेली आहे. मग चाक अर्धा फेर फिरेल इतकी गाडी पुढे घ्या, आऱ्यांच्या आत साचलेलं पाणी बाहेर येईल, ते परत टिपा. जमलं तर लगेच थोडं अंतर चालवून दोन-चार वेळा हलके ब्रेक लावा म्हणजे डिस्क कोरड्या होतात. ओल्या डिस्कवर काही तासांत तांबूस थर चढतो आणि दुसऱ्या दिवशी पहिल्या ब्रेकला तोच थर उडून तुमच्या नुकत्याच पुसलेल्या चाकावर बसतो. बरेच जण तक्रार करतात की कालच धुतलं आणि आज चाक नारिंगी झालं, त्याचं कारण बहुतेक वेळा हे असतं.

हे आठवड्यातून एकदा पुरतं. पाऊस, खारी हवा, मिठाचे रस्ते असतील तर नुसतं साध्या पाण्याने धुऊन टिपणं तरी दोन-तीन दिवसांनी करा, लिक्विड नसलं तरी चालेल. मीठ पाण्यात विरघळतं, त्याला केमिकल लागत नाही, वेळेवर पाणी लागतं. ज्यांच्याकडे कडक हिवाळा असतो त्यांना मी सरळ सांगतो की त्या महिन्यांसाठी साधी पेंट केलेली चाकं लावा आणि क्रोमची काढून, धुऊन, पूर्ण कोरडी करून, वॅक्स लावून कोरड्या जागी ठेवा. प्लास्टिकमधे हवाबंद गुंडाळून नको, आत ओल राहिली तर सगळा हिवाळा ती तिथेच राहते.

आता टॉयलेट क्लीनरचं. कृपा करून नको. त्यातल्या बऱ्याच बाटल्यांत हायड्रोक्लोरिक ॲसिड असतं आणि ते ॲसिड क्रोमियम विरघळवतं, प्लेटिंगवाले जुनं क्रोम उतरवायला हेच ॲसिड वापरतात, यातच सगळं आलं. पहिल्यांदा मारल्यावर चाक झक्क दिसतं, कारण घाण निघालेली असते, आणि म्हणूनच लोक दुसऱ्यांदा मारतात. मग कधीतरी लक्षात येतं की चाकाची निळसर झाक गेली आणि पिवळट झाक आली. ती पिवळट झाक म्हणजे खालचं निकेल उघडं पडलेलं असतं. ब्लीचचंही तसंच, त्यात क्लोरीन आहे. ओव्हनचे किंवा इंजिनचे कडक कॉस्टिक क्लीनर छिद्रांतून खाली जाऊन ॲल्युमिनियम खातात. आणि 'व्हील क्लीनर' लिहिलेल्या प्रत्येक बाटलीवर विश्वास ठेवू नका, काहींत ॲसिड असतं, आणि हायड्रोफ्लोरिक किंवा अमोनियम बायफ्लोराइड असं काही लिहिलेलं दिसलं तर चाकाचं जाऊ द्या, स्वतःच्या हातासाठी ती बाटली खाली ठेवा, ते कातडीतून आत जाऊन हाडांपर्यंत इजा करतं. लेबलवर क्रोमसाठी चालतं असं स्पष्ट लिहिलेलं आणि पीएच न्यूट्रल असलेलं तेच घ्यायचं. ऑटोमॅटिक वॉशमधे चाकांवर आधी काय मारतात ते विचारून घ्या, अनेक ठिकाणी कडक अल्कली किंवा ॲसिडचा फवारा असतो, चाकांवर तो मारू नका म्हणून सांगता येतं.

आयर्न रिमूव्हर, तो मारल्यावर जांभळा होतो तो, याला माझा विरोध नाही. त्यात थायोग्लायकोलेट असतं, ते लोखंडाशी जुळून लोखंड विरघळवतं आणि जांभळा रंग येतो, वास मात्र वाईट असतो. तुमच्या तांबूस ठिपक्यांसाठी हेच पहिलं औषध. पण लेबलवर क्रोमला चालतं का बघा, मागच्या बाजूला छोट्या जागी मारून बघा, चाक थंड, सावली, लेबलवर असेल तेवढीच मिनिटं, वाळायच्या आत भरपूर पाण्याने धुवा. जिथे प्लेटिंग फुटलंय किंवा फोड आलाय तिथे नको. आणि दर आठवड्याला नको, दोन-तीन महिन्यांतून एकदा बस्स. दर आठवड्याला जांभळं करून बघायची सवय लागलेले लोक असतात, ते बघायला छान वाटतं, पण नियमित पुसलेल्या चाकाला त्याची गरज पडत नाही.

त्याने गेले नाहीत असे ठिपके राहिले तर क्ले, म्हणजे डिटेलिंगची मळलेल्या मातीसारखी मऊ वडी. भरपूर लुब्रिकंट (क्ले घसरत राहावी म्हणूनचं बुळबुळीत लिक्विड) मारून क्लेचा छोटा तुकडा हलक्या हाताने फिरवायचा, रुतलेला कण त्याच्यात येतो. तो तुकडा परत पेंटवर वापरू नका.

फॉइलचं तुम्ही ऐकलंय ते खोटं नाही, पण जागा चुकते. पाण्यात भिजवलेला ॲल्युमिनियम फॉइलचा बोळा स्टीलवरच्या क्रोमचा वरवरचा गंज काढतो, कारण ॲल्युमिनियम क्रोमपेक्षा खूप मऊ आहे आणि गंज मात्र सुटून येतो. जुन्या बंपरवर हे चांगलं चालतं. चाकावर करायचं तर खात्रीने खरं प्लेटिंग असेल तरच, ठिपक्यापुरतं, सतत ओलं ठेवून आणि बोटाच्या जोराने, अख्खं चाक घासायला नाही. पीव्हीडी, क्लिअर कोट, प्लास्टिक यांवर अजिबात नाही. कोला वगैरे ओतायची गरज नाही, त्यातल्या थोड्याशा फॉस्फरिक ॲसिडने होणारं काम साध्या पाण्यानेही होतं, आणि साखर चिकटते ती वेगळीच. तारेच्या घासण्या, हिरवे स्क्रबर हे घरातच राहू द्या.

पाण्याच्या पांढऱ्या डागांना पांढरं व्हिनेगर अर्ध्याला अर्धं पाणी घालून, फडक्यावर घेऊन मिनिटभर लावा, मग लगेच धुऊन कोरडं करा. अखंड क्रोमवरच हे करायचं, फुटलेल्यावर नाही, आणि डाग न येऊ देणं केव्हाही सोपं.

क्रोम पॉलिश वर्षातून एक-दोनदा, ते पण चाक मंद दिसत असेल तरच. पॉलिशमधे घर्षण करणारे कण असतात आणि अर्धा मायक्रॉनही नसलेल्या थरावर आपण ते फिरवतोय हे लक्षात असू द्या. ॲल्युमिनियमचं मेटल पॉलिश आणि क्रोमचं पॉलिश एक नाही. आणि ड्रिल मशीनला लोकरीचा बोळा लावून तर नकोच.

आता संरक्षण. कार्नोबा (झाडापासून मिळणारं) वॅक्स, सिंथेटिक सीलंट म्हणजे कृत्रिम संरक्षक लेप, आणि सिरॅमिक म्हणजे वाळून कडक होणारं कोटिंग, असे तीन पर्याय आहेत. कार्नोबा साधारण ८२ ते ८६ अंश सेल्सियसला वितळतं, आणि जोरात ब्रेक वापरणाऱ्यांच्या पुढच्या चाकांवर ते लवकर उडून जातं, शिवाय क्रोम इतकं गुळगुळीत की त्याला धरायला जागा कमी. शोसाठी सुंदर दिसतं, रोजच्या गाडीला पुरत नाही. मी बहुतेकांना चाकांसाठीचा सिंथेटिक सीलंट सांगतो, दोन-तीन महिन्यांनी परत लावायचा. लावायच्या आधी चाक पूर्ण स्वच्छ आणि कोरडं, मग आयसोप्रोपिल अल्कोहोल पाण्यात निम्मं करून एक हात, म्हणजे जुना तेलकटपणा जातो, मग सीलंटचा अगदी पातळ थर, लेबलप्रमाणे थांबून पुसून काढायचा, आणि शक्य असेल तर रात्रभर गाडी कोरड्या जागी उभी ठेवायची. जाड थर लावून जास्त टिकत नाही, फक्त पुसायला त्रास होतो.

सिरॅमिक चांगलं आहे, नाही म्हणत नाही. चाकं नवी असतील, काढून आतून-बाहेरून स्वच्छ करून लावलं आणि नीट क्युअर होऊ दिलं तर बराच काळ टिकतं आणि धूळ पाण्यानेच निघते. पण ते लावलं की विसरून जा, हे खरं नाही. त्याच्यावरही ब्रेक डस्ट बसते, फक्त सुटायला सोपी जाते. आणि आधीच ठिपके, फोड असतील तर त्यांच्यावर सिरॅमिक लावणं म्हणजे आतली ओल आतच ठेवणं. तुम्ही आधी ठिपके काढा, चाकाची अवस्था बघा, मग ठरवा.

काहीही लावताना एक गोष्ट जिवाशी संबंधित आहे. वॅक्स, सीलंट, क्विक डिटेलर (झटपट चमक देणारा स्प्रे), टायर ड्रेसिंग (टायर काळाभोर करणारं लिक्विड) यातलं काही डिस्कवर किंवा पॅडवर गेलं तर ब्रेक नीट लागत नाही. म्हणून स्प्रे नेहमी फडक्यावर, थेट चाकावर नाही. टायर ड्रेसिंग स्पंजने लावा, थांबा, जास्तीचं पुसून घ्या, नाहीतर गाडी निघाली की ते उडून क्रोमवर बसतं आणि त्याच्यावर धूळ चिकटते. गंज नको म्हणून डब्ल्यूडी-४० सारखं तेलकट काही चाकावर लावून ठेवणारे पण आहेत, ते पण धूळच गोळा करतं.

मागची बाजू विसरू नका. प्लेटिंग तिथे पातळ, धूळ तिथे सगळ्यात जास्त, आणि कुणी बघत नाही. टायर रोटेशनसाठी, म्हणजे पुढची-मागची चाकं अदलाबदल करायला, चाकं निघतील तेव्हा आतून धुऊन, वाळवून सीलंट लावून घ्या, नंतर आतली धूळ नुसत्या पाण्याच्या फवाऱ्याने निघते. धूळ मुळातच कमी करायची असेल तर पुढच्या वेळी पॅड बदलताना तुमच्या गाडीला चालणारे सिरॅमिक पॅड मिळतात का विचारा, सेमी-मेटॅलिकपेक्षा त्यांची धूळ कमी आणि फिकट असते.

टायरवाल्याकडे गेलात तर उभं राहून तीन गोष्टी सांगा. बॅलन्सिंगचं वेट (चाक न थरथरता फिरावं म्हणून लावतात ते छोटं वजन) कडेला ठोकून बसवायचं नाही, आतून चिकटवायचं, कारण ठोकलेली क्लिप क्रोम चिरते आणि गंज तिथूनच सुरू होतो. टायर बसवताना रिमच्या कडेला प्लास्टिकचं प्रोटेक्टर लावायचं. आणि नट खोलताना प्लास्टिकचं कव्हर असलेला सॉकेट घ्यायचा. बऱ्याच क्रोम नटांवर पातळ पत्र्याची टोपी असते, तिला खरचटलं की पाणी टोपी आणि नट यांच्या मधे शिरतं, नट आतून गंजून फुगतो आणि मग पाना बसत नाही. तुमचा एखादा नट असा फुगलेला किंवा गंजलेला दिसला तर बदलूनच टाका, नाहीतर तांबूस ओघळ परत परत येत राहतील.

कुठे फोड दिसला तर नखाने उचलू नका. सुटलेल्या क्रोमची कड ब्लेडसारखी असते, बोट कापतं. तिथलं प्लेटिंग परत बसवता येत नाही, सगळं उतरवून नव्याने करावं लागतं आणि ते काम चाकाच्या ताकदीचा विचार करणाऱ्या माहीतगाराकडेच द्यायचं. तोवर ती जागा कोरडी ठेवा आणि त्यावर सीलंटचा थर राहू द्या, म्हणजे पसरणं मंद होतं. आणि टायर बसतो त्या आतल्या कडेचं क्रोम सुटायला लागलं असेल तर हवा हळूहळू कमी होते, पंक्चर सापडत नाही, व्हॉल्व्हही ठीक असतो तरी दर काही दिवसांनी हवा भरावी लागते. असं एखाद्या चाकाचं होत असेल तर टायर उतरवून ती कड बघायला सांगा, सुटलेले पापुद्रे साफ करून बीड सीलर (टायरची कड आणि रिम यांच्या मधली फट बुजवणारा लेप) लावला की बऱ्याचदा गळती थांबते.